बर्फाखालचा वाफा

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बर्फावर पांघरूण घालताना.

लग्न होऊन परभणीहून हैदराबादला आले त्याला महिनाही झाला नव्हता. चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. हे नारायणगुड्याला शाळेत मास्तर होते. पौषातली सकाळ होती. मी शाल गुंडाळून दारात तांदूळ निवडत बसले होते, आणि फाटकातून एक हातगाडी आत आली. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. आमच्याकडं एवढा बर्फ घरात यायचा तो एकाच कारणासाठी, लांबच्या लेकी यायच्या असल्या आणि मयत थोपवून धरायचं असलं तर. मी लगबगीनं उठले, पदर सावरला, रडायची तयारी केली.

तर घरमालक बाहेर आले. गळ्याला मफलर, अंगात जुना लोकरीचा कोट, पायात मोजे. गाडीवाल्याला म्हणाले, "आहिस्ता मियाँ, आहिस्ता! सोते को जगाना नक्को." मग दोघांनी मिळून त्या लाद्या अंगणाच्या कडेच्या उघड्या काळ्या मातीवर ओळीनं मांडल्या. वर लाकडाचा भुसा पसरला, भुशावर गवत, गवतावर एक फाटकी सतरंजी. सतरंजीची टोकं त्यांनी अशी हलक्या हातानं खोचली की मला हसावं का पळावं कळेना.

"घाबरू नकोस गं," काकू ओट्यावरून म्हणाल्या. काकू म्हणजे त्यांची बायको. "मातीला थंडी दाखवतायत. दरसाल नव्हतं हे, यंदाच निघालंय नवीन."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही मागच्या खोलीतल्या ना? नव्या?"

"हो."

"या वाफ्यावर पाय ठेवायचा नाही. तोही नवाच आहे."

ही आमची ओळख.

काका निजामाच्या बागखात्यातून निवृत्त झाले होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं, घरात मराठी, बाहेर उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, आणि झाडांशी बोलताना तिन्ही. तरुणपणी सरकारनं त्यांना शिकायला विलायतेला धाडलं होतं. तिथल्या एका मोठ्या बागेत ते राबले, आणि तिथली थंडी त्यांच्या डोक्यात शिरली ती परत बाहेर आलीच नाही. वैशाखात हैदराबादचे दगड तापलेले असताना माणूस ओट्यावर बसून मला बर्फाच्या गोष्टी सांगायचा, आणि सांगताना खरोखर हात चोळायचा.

"आपल्याकडं काय आहे बाई, मेथी टाकली की आठवड्यात भाजी. म्हणून आपल्या लोकांना सबूर माहीतच नाही. तिकडं तसं चालत नाही. नवा वाफा म्हणजे फुगलेली माती. तिच्यात सगळं पोकळ असतं, तिचा भरवसा धरायचा नाही. झाडं हातहातभर लांब लावायची. बघणारा हसतो, म्हणतो, हा काय टकला वाफा! हसू द्यावं. जो मूर्ख असतो तो मधल्या जागा भरायला जातो. मग बर्फ पडतं. वरचं सगळं जळून जातं, काडीसुद्धा उरत नाही. माती खाली बसते. वसंतात तिच्यावर कुजका पाला घालायचा. पुन्हा बर्फ. पुन्हा माती बसते. असे दोन हिवाळे खाल्ले की तिच्यात दम येतो. आणि तिसऱ्या वर्षी बघा, दोन झाडांमधे बोट घालायला जागा राहत नाही."

"आणि पहिली दोन वर्षं?"

"पहिली दोन वर्षं सगळं काम खाली चालतं. वरून बघणाऱ्याला काय कळणार?"

या तिसऱ्या वर्षाचं वेड त्यांनी साऱ्या जगाला लावलं होतं. नवे जोडे पायाला छान बसले तरी म्हणायचे, "तिसरं वर्ष येऊ द्या." कुणाच्या घरी जावई आला, कुणी जावयाचं कौतुक केलं, की काका मान हलवणार, "चांगला दिसतो. तिसरं वर्ष येऊ द्या." मी पहिल्यांदा हैदराबादी पद्धतीचं वांगं केलं, चिंच, तीळ, शेंगदाणे सगळं काकूंनी सांगितलं तसं घालून, आणि वाटी भरून पुढं नेली. त्यांनी बोटानं चाटून पाहिलं. "हाताला इथलं पाणी लागलं नाही अजून. तिसऱ्या वर्षी आणा." वाटी मात्र पुसून खाल्ली. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचं संस्थान बाहेरच राहिलेलं. ह्यांनी दार लावून, आवाज न करता पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "मास्तर, लावणी झाली. आता तिसरं वर्ष येऊ द्या." हे चिडले. दोन दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी.

मला तर त्यांनी पहिल्यापासून वाफ्याच्याच हिशेबात धरलं होतं. माहेरच्या आठवणीनं माझा चेहरा उतरला की काकूंना सांगायचे, "नव्या बाईला उगीच चाळवू नका. बुजली आहे, बसेल खाली." याचा मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्या शहरात माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणीच केली नाही.

तो बर्फाखालचा वाफा एकट्या काकांचा नव्हता. अर्धा शेजारच्या मुन्सिफसाहेबांचा होता. मुन्सिफसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश, विधुर, घरात ते आणि त्यांचा म्हातारा खानसामा. उंच, गोरे, घरातसुद्धा शेरवानीची वरची गुंडी लावलेली. दोघे तरुणपणी एकाच बोटीनं विलायतेला गेले होते, काका झाडं शिकायला, ते कायदा. परत येऊन दोघांनी शेजारी शेजारी जागा घेतल्या, आणि सगळीकडं भिंती घातल्या तरी दोन अंगणांच्या मधे भिंत घातलीच नाही. तिथं पुष्कळ वर्षं नुसतं गवत होतं. म्हातारपणी काश्मीरच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी ओल्या शेवाळात बांधलेले कंद मागवले आणि त्या जागी वाफा केला. अर्धा या अंगणात, अर्धा त्या. फुलाचं इंग्रजी नाव मला कधी धड घेता आलं नाही. काकू त्याला विलायती कमळ म्हणत. त्या कंदाला हिवाळ्यात कडक थंडी मिळाली नाही तर तो कळी धरत नाही, म्हणून अफझलगंजहून हा बर्फाचा थाट.

बर्फ घालायच्या दिवशी काका मांडायचे आणि मुन्सिफसाहेब छडी घेऊन तपासायचे. "पंत, ये कोना खुला रह गया. बेचारे के पाँव को सर्दी नहीं लगती."

"मुन्सिफसाब, तुम्ही खटले बघा. थंडी मी बघतो."

"आप क्या देखते? आप तो जिंदा को मुर्दा समझते!"

हे वाक्य आलं की काका मान खाली घालून भुसा पसरायला लागायचे, आणि मुन्सिफसाहेब हसत हसत आपल्या अंगणात परतायचे. मी काकूंना विचारलं, हे काय आहे? तर काकांनी स्वतःच सांगितलं.

विलायतेतला त्यांचा पहिला हिवाळा. त्यांच्या हाती एक नवा वाफा सोपवला होता. बर्फ पडलं, आणि वरची सारी पानं काळी पडून गळाली. हैदराबादच्या मुलानं असलं काही आयुष्यात पाहिलेलं नाही. त्याला वाटलं, मेली सगळी. परक्या मुलखात आपल्या हातून एवढा वाफा मेला. बागेच्या मुख्याला कळायच्या आत तो साफ करून टाकावा म्हणून त्यानं कुदळ घेतली आणि अर्धा वाफा उपटला. योगायोगानं मुन्सिफसाहेब त्याला भेटायला आले होते. त्यांनी उपटलेला कंद हातात घेतला, नखानं कुरतडला. आत पांढरा, ओला, जिवंत. मग दोघांनी उघड्या हातांनी गोठलेला चिखल उकरून ते सगळे कंद पुन्हा पुरले. बोटं फुटली, रक्त आलं. "वसंतात अर्धेअधिक उगवले," काका म्हणाले. "त्यानं मुख्याला एक शब्द सांगितला नाही. आणि मला मात्र चाळीस वर्षं ऐकवतोय."

त्या वाफ्याच्या दुसऱ्या वर्षात शहराचं पाणी बिघडलं. रझाकारांचे दिवस. ओळखीची मराठी घरं कुलपं लावून सोलापूरला, कुणी बेजवाड्याला निघाली. काकूंच्या बहिणीचा निरोपावर निरोप. काका हलेनात. "दुसरं वर्ष आहे वाफ्याचं. सोडून कसं जायचं?" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माणसांचं बघा हो जरा." आमचं तर माहेर त्याच आगीत, जाणार कुठं? तेव्हा मुन्सिफसाहेबांनी आपली आरामखुर्ची उचलून आमच्या फाटकाशी आणवली. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन तिथं बसायचे. गल्लीत कुणी टोळकं आलं की चष्म्यावरून बघायचे आणि एकेकाला बापाच्या नावानं हाक मारायचे. "तू फलाने का बेटा ना? सलाम बोलो अब्बा को." पोरं माना खाली घालून निघून जायची. त्या फाटकातून आत कुणीही आलं नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली. ह्यांनी या वेळी दार उघडं ठेवून पेढे वाटले. पण शेजारचं दार बंद झालं. मुन्सिफसाहेबांच्या बहिणीचं घर नांदेडकडच्या एका गावात होतं. तिथून बातमी आली. आता सूड उलटा फिरला होता; बहीण वाचली होती, मेहुणे आणि भाचा मारले गेले होते. बातमी खानसाम्यानं काकूंना सांगितली. मुन्सिफसाहेब बाहेरच येईनात. आता काका ती आरामखुर्ची उचलून त्यांच्या फाटकाशी नेऊन बसायला लागले. हातात वर्तमानपत्र नाही, झाडं छाटायची मोठी कात्री. मफलर गुंडाळलेला तो किडकिडीत म्हातारा कात्री घेऊन पहारा देतोय हे पाहून मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. आत मुन्सिफसाहेबांना माहीत होतं, बाहेर कोण बसलंय ते. तरी दार उघडलं नाही.

त्यांचा मुलगा कराचीला गेला होता. त्याची पत्रं येत होती, या, इथं या. मार्गशीर्षात मुन्सिफसाहेब काकूंकडं आले, काका घरी नसताना. उभ्या उभ्याच म्हणाले, "भाभी, फागुन में जा रहा हूँ. पंत को आप बोल देना. मेरे से नहीं होता."

काकूंनी सांगितलं. काका जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "फाल्गुनात? कसं शक्य आहे? तिसरं वर्ष आहे." आणि जेवायला लागले. एवढंच. त्यांना 'जाऊ नका' हे दोन शब्द बोलता यायचे नाहीत. सगळं आयुष्य मातीवरून बोलत गेलेलं.

पौषात बर्फाची गाडी आली. काकांनी आपल्या बाजूच्या अर्ध्या वाफ्यावर लाद्या मांडल्या, भुसा, गवत, सतरंजी, सगळं केलं. आणि सरहद्दीवर येऊन थांबले. पलीकडचा अर्धा वाफा उघडा.

"अहो, तेवढंही घाला ना," काकू म्हणाल्या.

"ज्याचा वाटा त्यानं घालावा."

रोज सकाळी मी उठून बघायची. अर्धा वाफा गारठलेला, अर्धा उन्हात. मला त्या उघड्या मातीकडं बघवेना. ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी घाला." हे म्हणाले, "तो बर्फाचा प्रश्न नाही गं." तेवढं मलाही कळत होतं. काका अजूनही खुर्ची घेऊन त्यांच्या फाटकाशी बसत, पण एकदाही त्या घराकडं मान वळवत नसत. मला वाटायचं, या दोन म्हाताऱ्यांची मानगूट धरून एका ठिकाणी बसवावं.

एका सकाळी हातगाडीचा आवाज आला. गाडीमागं मुन्सिफसाहेब, शेरवानीची गुंडी लावलेली आणि पायात घरातल्या सपाता. स्वतः अफझलगंजला जाऊन बर्फ आणला होता. शेरवानीचे हात वर करून त्यांनी लाद्या मांडल्या. सवय नव्हती, वाकड्यातिकड्या बसल्या. काका ओट्यावरून बघत होते.

"क्या तमाशा लगा के रखे पंत," मुन्सिफसाहेब त्यांच्याकडं न बघता म्हणाले. "आधे को सर्दी, आधे को धूप. मेरा झगडा उस बेचारे पे क्यों उतारते?"

काका खाली उतरले, एक लादी सरळ केली आणि म्हणाले, "हा कोपरा उघडा राहिला."

मला वाटलं, मिटलं. कुठलं मिटायला! मुन्सिफसाहेब हात पुसून आत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं पेट्या बांधायला माणूस आला.

फाल्गुन लागला. बर्फ केव्हाच विरघळला होता, गवत, सतरंजी काढली होती. मागच्या वर्षी याच सुमाराला लालसर कोंब वर आले होते. यंदा काही नाही. काका सकाळ-संध्याकाळ वाफ्याशी उकिडवे बसून मातीला डोळे लावायचे. काकू जेवायला हाका मारून थकायच्या. शेजारच्या पडवीत बांधलेल्या पेट्या एकावर एक चढत होत्या, आणि जायला दोनच दिवस राहिले होते.

त्या दिवशी मी विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. बघते तर काका हातात कुदळ घेऊन वाफ्यात उभे. वाफ्यात! ज्या वाफ्यावरून कोंबडी गेली तरी ते दगड घेऊन धावायचे, त्यात चपलांसकट उभे. त्यांनी कुदळ मारली. मी कळशी घेऊनच धावले.

"काका! अहो काय करताय?"

"त्याचा वाटा काढतोय." आवाज ओळखू येत नव्हता. "घेऊन जा म्हणावं कराचीला. काय उरलंय इथं? मेलंय सगळं. आपलं खातं मोकळं करतो."

दुसरी कुदळ. ती कशावर तरी लागली, ओला, बारीक आवाज आला.

मुन्सिफसाहेब पडवीतून आले. कसे आले मला कळलंच नाही, अनवाणी, डोक्यावर टोपी नाही. त्यांना मी बोडक्या डोक्यानं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी काकांच्या हातातली कुदळ वरच्या वर धरली.

"पंत. फिर वही गलती?"

काका कुदळ सोडीनात.

"उस वक्त बच्चे थे, बर्फ नहीं देखा था. अब क्या बहाना है?" ते खाली बसले. शेरवानीसकट चिखलात. मातीत हात घालून त्यांनी कंद चाचपला, जिथं कुदळ लागली होती तिथली माती पुसली आणि काकांना दाखवलं. पांढरा, ओला. बाजूला नखाएवढा लाल डोळा, अजून मातीखालीच. "मरा नहीं है. देखो. मरा नहीं है पंत."

ते कंदाबद्दल बोलत नव्हते हे मलाही कळलं. काका त्यांच्याजवळ बसले, आणि मग तो मफलरवाला म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "जाऊ नका," म्हणाला. शेवटी म्हणाला. मुन्सिफसाहेब माती ओढून कंद झाकत राहिले, काकाही झाकायला लागले, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत बरबटले. मी कळशी खाली ठेवून आत पळाले.

संध्याकाळी शेजारच्या पेट्यांच्या दोऱ्या सुटल्या.

काही दिवसांनी लाल कोंब आले, दोन्ही बाजूंनी. पानं झाली, चांगली गडद, दाट. कळी काही धरली नाही. चैत्राचं ऊन लागलं आणि पानं माना टाकायला लागली तेव्हा मुन्सिफसाहेब छडी टेकत आले. "क्यों पंत, तीसरा साल तो हो गया. फूल किधर है?"

काकांनी चेहरा अगदी कोर्टातल्यासारखा गंभीर केला. "तिसरं कसलं? कुदळ लागली ना! मुळाला धक्का लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे पहिलं वर्ष."

"मतलब और तीन साल रुकूँ?"

"मी नाही म्हणत. बागेचा कायदा आहे."

मुन्सिफसाहेब त्यांच्याकडं बघत राहिले आणि असे मोठ्यानं हसले, त्या वर्षात पहिल्यांदाच, की खानसामा पळत बाहेर आला.

पुढं तो कायदा काकांनी फार कसोशीनं पाळला. तिसरं वर्ष जवळ आलं की काहीतरी व्हायचंच. एकदा पावसाचं पाणी साचलं, पहिलं वर्ष. एकदा घुशीनं कोपरा उकरला, पहिलं वर्ष. एकदा काही झालं नाही तर त्यांनी स्वतःच माती बदलली. मुन्सिफसाहेब छडी आपटून म्हणायचे, "सरासर धांधली है!" आणि पौषात अफझलगंजला बर्फ सांगायला दोघे टांग्यातून बरोबर जायचे. माझं तिसरं वर्ष मात्र वेळेवर आलं. मी वांग्याची वाटी नेऊन दिली. काकांनी खाऊन मान हलवली आणि काकूंना म्हणाले, "पुढच्या ओट्यावर पाट मांडा हिचा. मागच्या दारानं काय येतीय परक्यासारखी?" त्या पाटासाठी मी अजून त्यांची ऋणी आहे.

ते फूल त्या वाफ्यात कधीच आलं नाही. पुढं लेकीच्या घरी सिमल्याला गेले तेव्हा मी ते पाहिलं. मोठं, गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेलं. छान होतं. पण मला आमच्या वाफ्यातली नुसती पानंच जास्त आवडायची, हे खरं सांगते.

मुन्सिफसाहेब गेले ते एका कार्तिकात, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. काका कबरस्तानापर्यंत चालत गेले, माती टाकून परत आले आणि हात न धुता बराच वेळ ओट्यावर बसले. काकूंनी तांब्या आणून शेजारी ठेवला.

पौष आला. कुणी सांगितलं नव्हतं, पण गाडीवाला सवयीनं आला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन फाटकात उभा राहिला. मी तांदूळ निवडत होते, पुढच्या ओट्यावर. काका कोट घालून, मफलर गुंडाळून सावकाश फाटकापर्यंत गेले. गाडीवर हात ठेवला.

"नक्को मियाँ," म्हणाले. "हो गए तीन साल."

गाडीवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग शेजारच्या बंद दाराकडं पाहिलं, आणि गाडी वळवली. पहिल्या दिवशी तीच गाडी बघून मी पदर सावरून रडायची तयारी केली होती. ते रडू मला त्या दिवशी आलं.